भट्टीपुढचं ड्रॉइंग

लाकडाचं काम अर्धवट टाकून चहा प्यायला जाता येतं. लोखंडाचंही तसंच, वेल्डिंग आज करा, घासकाम उद्या. मातीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला तर आठवड्यानंतरही हाताशी येतो. काचेपाशी ही सवलत नाही. भट्टीतून बाहेर काढली की ती सेकंदागणिक घट्ट होत जाते आणि मिनिटभरात ऐकेनाशी होते. डिझाइन शिकताना आम्हाला लाकूड, पत्रा, प्लास्टिक, माती असं सगळं हाताळायला मिळालं. काच वर्गात आली ती फक्त तक्त्यांमधून. रात्रंदिवस भट्टी पेटती ठेवणं आमच्या कॉलेजला परवडणारं नव्हतं, इतकं साधं त्याचं कारण.

मी दिव्यांचं डिझाइन करते. हॉटेलं, ऑफिसं, क्वचित कुणाचं घर. बरीच वर्षं माझ्या ड्रॉइंगमध्ये काच म्हणजे दोन समांतर रेघा होत्या. बाहेरची रेघ, आतली रेघ, मधे तीन मिलिमीटर. ते ड्रॉइंग फिरोजाबादला मेल व्हायचं आणि काही आठवड्यांनी पेंढ्यात बांधलेल्या शेड पुण्यात यायच्या. कागदावरच्या शेडशी त्यांचं नातं चुलत असायचं. मानेजवळ काच जाड, पोटाशी पातळ, तळाला परत जाड. व्यापाऱ्याला फोन केला की ठरलेलं उत्तर, ‘मॅडम जी, हाथ का काम है.’ उत्तर खोटं नव्हतं, पण त्यातून मला काही कळतही नव्हतं. हातकामात फरक पडायचाच, हे मान्य. पण तो दर वेळी त्याच जागी का पडतो? हात चुकत असेल तर तो कुठेही चुकायला हवा. हा प्रश्न घेऊन मी फिरोजाबाद गाठलं.

आग्र्याहून हे गाव चाळीसेक किलोमीटर. मराठी माणसाला ते नावानं माहीत नसलं तरी मनगटाला माहीत असतं. लग्नात कासार भरतो तो हिरवा चुडा बहुतेक वेळा इथल्याच भट्टीतून निघालेला असतो. गल्ल्यांमधून बांगड्यांचे तोडे, म्हणजे गठ्ठे, लादलेल्या हातगाड्या खडखडत जातात, खड्ड्यांतून उसळतात आणि तरी फुटत नाहीत, हे बघत पहिल्या दिवशी मी बराच वेळ रस्त्यात उभी होते. कोळशाचा धूर मात्र नव्हता. धुरानं खराब होणाऱ्या ताजमहालाच्या संगमरवराचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल लागला आणि ताजच्या आसपासच्या पट्ट्यातल्या उद्योगांना कोळसा सोडावा लागला. फिरोजाबाद त्याच पट्ट्यात येतं. तेव्हापासून इथल्या भट्ट्या नैसर्गिक वायूकडे वळल्या.

मी गेले त्या कारखान्यातली भट्टी गोल, भोवती तोंडं, प्रत्येक तोंडामागे अग्निरोधक मातीचं एक मोठं भांडं. त्याला सगळे ‘पॉट’च म्हणतात. भट्टी मधेच थंड केली तर पॉट तडकतात, म्हणून ईद असो की दिवाळी, कुणीतरी आचेवर नजर ठेवून असतंच. आत जातं ते साहित्य ऐकायला किरकोळ आहे: सिलिका वाळू, सोडा ॲश, चुनखडी आणि भरपूर फुटकी काच. वाळू प्रयागराजकडच्या शंकरगढ भागातली नावाजलेली. आपल्याकडे कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्यालाही सिलिका वाळू निघते. नुसती वाळू वितळवायची तर सतराशे अंशांची गोष्ट. सोडा ते तापमान खाली आणतो, पण सोड्यानं काच पाण्यात विरघळण्याजोगी होते, म्हणून तिला टिकाऊ करायला चुना. रंगासाठी कोबाल्ट, क्रोमियम, मँगनीज, सेलेनियम. गंमत अशी की तापलेली असताना सगळी काच नारिंगीच दिसते. हिरवी कुठली आणि निळी कुठली, हे कुठल्या पॉटमधून काढली यावरूनच कळतं. सेलेनियमची लाल काच तर त्याहून लबाड. पहिल्यांदा निवते तेव्हा फिकट पिवळट असते, परत तापवल्यावर तिला लाली चढते. रंगाचं कार्ड हातात घेऊन आलेल्या माझ्यासारखीची तिथे पंचाईत होते.

भट्टीवरच्या मुख्य कारीगराला सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. उस्तादांनी सुरुवातीला मला फुंकूच दिलं नाही. फुंकणी हातात दिली ती फिरवायला. दीडेक मीटरची पोकळ लोखंडी नळी, तिच्या टोकाला पॉटमधून गुंडाळून घेतलेला काचेचा गोळा, तापमान अकराशे अंशांच्या आसपास. नळी थांबली की गोळा ओघळायला लागतो. घाईनं फिरवली तर तो वाकडा झोकांड्या खातो. ‘बेटा, घुमाती रहो,’ एवढंच ते सांगायचे, आणि तेही माझ्याकडे न बघता. त्यांची स्वतःची नळी बोटांवर फिरत असे. मनगट हलत नव्हतं, खांदे सैल. माझे खांदे कानाला लागलेले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक तोंड मोकळं असायचं, तेवढ्या वेळात माझी शिकवणी. बाकीचे कारीगर भाकरी खाता खाता बघायचे आणि गोळा जमिनीवर पडला की कुणी हसायचं नाही, फक्त एकजण चिमट्यानं उचलून फुटक्या काचेच्या ढिगात टाकायचा. तो परत पॉटमध्येच जाणार.

भट्टीपाशी बाई म्हणून मी एकटीच. याचा अर्थ फिरोजाबादच्या काचेत बायका नाहीत असा नाही. बांगडीची सधाई, म्हणजे पिळलेलं कडं आचेवर सपाट करणं, आणि झलाई, म्हणजे तिची दोन टोकं ज्योतीवर जोडणं, ही कामं गल्लीगल्लीत घराघरांतून चालतात आणि त्यातली पुष्कळशी बायकाच करतात. खोलीत पंखा लावता येत नाही, ज्योत हलते. भट्टीवरच्या उस्तादाचं नाव निदान कारखान्यात तरी घेतलं जातं. या बायकांचा हिशोब तोड्यावर. ‘क्राफ्ट’ या विषयावरच्या चकचकीत पुस्तकांत भट्टीचे फोटो असतात, नारिंगी उजेडात चमकणारे घामेजलेले चेहरे. त्या बिनपंख्याच्या खोलीचा फोटो मी फारसा पाहिलेला नाही.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते पहिल्यांदा स्वतः फुंकल्यावर. गोळा लोखंडी पाट्यावर लोळवून लांबट केला, नळीत हवा भरली आणि अंगठ्यानं तोंड बंद केलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग गोळ्याच्या आत, टोकाकडे, एक लहानसा बुडबुडा उमलला. टोकाकडेच का? कारण नळीला चिकटलेला भाग लोखंडानं थंड केला होता आणि टोक अजून गरम होतं. हवा जिथे काच मऊ तिथेच वाट काढते. तिथली काच ताणून पातळ होते, पातळ झाली की लवकर निवते, निवली की अडते, आणि पुढची फुंक दुसऱ्या मऊ जागेकडे वळते. साखरेचा पाक एकतारीवरून गोळीबंद होत जातो तसं हे चालतं, फक्त इथे एकाच गोळ्यात एका बाजूला एकतारी आणि दुसऱ्या बाजूला गोळीबंद. म्हणजे भिंतीची जाडी हा कुणाचा निर्णय नसतोच. काम चालू असताना कुठे किती ऊब होती, त्याची ती नोंद असते. माझ्या शेडची मान जाड यायची कारण मान नळीपाशी असते. मी कागदावर ‘सगळीकडे तीन मिलिमीटर’ लिहीत होते, त्याचा भट्टीच्या भाषेत अर्थ होता: या गोळ्याचं तापमान सगळीकडे सारखं ठेवा. ते कुणालाही जमणारं नव्हतं.

मग डिझायनरनं काच फुंकायला शिकायलाच हवं का? या प्रश्नावर काचेच्या जगात साठ वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. १९६२ साली अमेरिकेत टोलेडोच्या कलासंग्रहालयाच्या आवारात हार्वे लिटलटन यांनी एक छोटी भट्टी उभारली. तोवर काच म्हणजे कारखाना असाच समज होता: कागदावर आकार काढणारा वेगळा, फुंकणारा वेगळा. कलावंत एकटा, आपल्या स्टुडिओत, स्वतःच्या हातानं काच करू शकतो, हे त्यांना दाखवायचं होतं. पहिला घाणा फसला. मग डॉमिनिक लॅबिनो या काचतज्ज्ञांनी फायबरग्लाससाठी बनणाऱ्या काचेच्या गोट्या वितळवायला सुचवलं आणि काम जमलं. त्यातून स्टुडिओ ग्लासची चळवळ उभी राहिली. त्या चळवळीतलं सर्वांत गाजलेलं नाव डेल चिहुली. १९७६ मध्ये मोटार अपघातात त्यांचा एक डोळा गेला, काही वर्षांनी खांदा निखळला आणि त्यांना फुंकणी सोडावी लागली. पुढचं प्रचंड काम त्यांनी दुसऱ्यांच्या हातांनी करवून घेतलं, स्वतः रंगांची मोठमोठी चित्रं काढून आणि भट्टीपुढे उभं राहून सांगून. ‘स्वतःच्या हातानं’ हे ब्रीद घेऊन निघालेली चळवळ अशी फिरून टोळीच्या कामापाशी आली. मला यात विसंगती वाटत नाही. त्यांना काय सांगायचं ते कळत होतं, कारण आधी हात भाजून झाले होते.

उलट बाजूचं उदाहरण आल्वार आल्टो यांच्या फुलदाणीचं. १९३६ च्या स्पर्धेसाठी काढलेला तो लाटेसारखा आकार पुढच्या वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडला गेला. आल्टो वास्तुरचनाकार, फुंकणारे नव्हेत. फुलदाणी लाकडी साच्यात फुंकली जायची. गरम काचेनं लाकूड जळतं, साचा हळूहळू खाक होतो आणि त्याचा ओबडधोबडपणा काचेवर उमटतो. नंतर साचे बिडाचे झाले आणि तो पृष्ठभाग गुळगुळीत झाला. ड्रॉइंग तेच, वस्तू दोन. संग्राहक जुन्या फुलदाण्यांच्या मागे का असतात, हे मला लाकडी साचा ओला करून वापरताना, वाफेनं डोळे चुरचुरत असताना, नीट समजलं. बिनसाच्याच्या कामातही पाण्यात भिजवलेला लाकडी ठोकळा असतोच. काच आणि लाकूड यांच्यामध्ये वाफेचा थर तयार होतो आणि गोळा त्याच्यावर सरकतो. ठोकळा कोरडा पडला की वास येतो आणि उस्ताद ओरडतात.

आपल्याकडे हा धंदा नव्हताच असं नाही. तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये निघाला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काच शिकवायला होते, आणि त्यामागे टिळकांच्या स्वदेशीचा जोर होता. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा कारखाना १९१६ चा. दिव्यांच्या धंद्यातल्या माणसानं तिथल्या प्रभाकर कंदिलाची काच एकदा हातात घेऊन बघावी. दोन्ही टोकं मोकळी, मधे फुगीर, भिंत पातळ. पातळ असल्यामुळे ती ज्योतीनं चटकन आणि जवळपास एकसारखी तापते, म्हणून तडकत नाही. फुगवटा आहे तो काच ज्योतीपासून लांब राहावी म्हणून. त्या काचेत एकही रेघ हौसेची नाही. ओगलेवाडीत आता भट्टी नाही, आणि मला काच शिकायला बाराशे किलोमीटर जावं लागलं.

पण सगळंच लांब नव्हतं. पुण्यात काचेची एक दुसरी शाळा आहे आणि डिझाइनवाल्यांना तिचा पत्ता नसतो. रसायनशास्त्राच्या मोठ्या प्रयोगशाळांमधून ग्लासब्लोइंगचा विभाग असतो. संशोधकाला हवं तसं काचेचं उपकरण तिथे जागेवर बनवून मिळतं. अशा एका विभागातून निवृत्त झालेले एक काका कोथरूडला आपल्या गॅरेजमध्ये ज्योत पेटवून बसतात. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी आधी विचारलं, ‘काय बनवायचंय?’ मी म्हटलं, दिवे. ते म्हणाले, ‘म्हणजे शोभेचं.’ आणि नळ्या कापायला बसवलं.

इथली काच वेगळी, बोरोसिलिकेट. तापल्यावर ती साध्या काचेच्या जेमतेम तिसरा हिस्सा प्रसरण पावते, म्हणून ज्योतीत घातली तरी तडकत नाही. भट्टी नाही, फुंकणी नाही. तयार नळी घ्यायची, ऑक्सिजन आणि एलपीजीच्या ज्योतीत फिरवायची, तोंडात रबरी नळी धरून हलकेच हवा द्यायची. तापलेल्या काचेतला सोडियम पिवळाधमक पेटतो आणि त्या झगमगाटात काम दिसतच नाही. काकांनी एक जांभळट भिंगांचा चष्मा दिला, डिडिमियमचा. तो लावला आणि पिवळा रंग पुसल्यासारखा गेला. ज्योतीच्या आत काचेची कड मऊ होताना, गोलावताना स्वच्छ दिसायला लागली. फिरोजाबादला जे हातानं ओळखायचं, ते इथे डोळ्यांना दिसत होतं. जाडीचा तोच नियम इथेही होता, फक्त हळू आणि हातभर अंतरावर.

नळी कापणं ऐकायला सोपं. सुरीनं एकच चरा द्यायचा, त्याला थुंकीचं बोट लावायचं, दोन्ही अंगठे चऱ्याच्या मागे ठेवायचे आणि वाकवता वाकवता ओढायचं. टक् असा आवाज आला आणि कड आरशासारखी निघाली तर बरोबर. दोनदा चरा दिला की कड दातेरी. काका दातेरी तुकडा काही न बोलता बाजूच्या डब्यात टाकायचे. मग जोड: दोन नळ्या, दोन हात, आणि दोन्ही हात एकाच वेगानं फिरले पाहिजेत, डावा मागे राहिला की जोडाला पीळ पडतो. मग आडवा जोड. नळीच्या बाजूला एक ठिपका तापवायचा, फुंकून कागदासारखा पातळ फुगा काढायचा, तो फोडायचा, भोकाची कड सारखी करायची आणि तिथे दुसरी नळी चिकटवायची. माझा पहिला नीट जोड झाला तेव्हा मी तो खिडकीशी धरून बघत होते. काका म्हणाले, ‘दिसायला ठीक आहे. व्हॅक्यूम लावला तर गळेल. आमच्याकडे गळलं तर पोराची पीएचडी सहा महिने लांबते. तुमच्या दिव्याचं काय जातं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्यांना ते नकोही होतं. पण त्या दिवसापासून मी काचेच्या ‘दिसण्या’बद्दल जरा कमी बोलते.

त्यांच्याकडेच मी ताण बघायला शिकले. दोन ध्रुवीकरण करणाऱ्या पट्ट्या एकमेकींना काटकोनात लावल्या की मधून उजेड येत नाही, सगळं काळं. मधे नीट निवलेली काच धरली तरी काळंच. पण घाईनं थंड झालेली काच धरली की तिच्यात पांढरे झोत उठतात. ताण जास्त असेल तर रंगही. माझा सुबक जोड तिथे धरल्यावर चांदणं पडल्यागत दिसला. बाहेरचा थर आधी घट्ट झाला होता, आतला नंतर आवळू बघत होता आणि बाहेरचा त्याला आवळू देत नव्हता. हे भांडण काचेत कायमचं गोठून राहतं आणि एक दिवस, कुणी हातही न लावता, शेड छताला टांगलेली असताना सुटतं. म्हणून काच परत पाचशेच्या वर तापवून सावकाश उतरवायची. भिंत दुप्पट जाड असेल तर वेळ दुप्पट पुरत नाही, चौपट लागतो. पालोमारच्या दुर्बिणीसाठी कॉर्निंगनं १९३४ मध्ये दोनशे इंच व्यासाची तबकडी ओतली, ती निववायलाच सुमारे दहा महिने लागले. ग्राहकानं ‘जरा भक्कम जाड करा ना’ म्हटलं की मला आता आधी हेच आठवतं. भक्कमपणा जाडीत नसतो. फिरोजाबादच्या खड्ड्यांतून उसळत जाणाऱ्या त्या बांगड्या टिकतात, कारण बारीक कांडीत ताण साठायला जागाच कमी.

विद्युत-भट्टीतलं वाकवण्याचं कामही मी मधल्या काळात केलं, जुन्या खिडक्यांच्या काचा साच्यावर ठेवून नरम करायच्या. त्यात माझा जीव फार रमला नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. खिडकीची आजची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनते. पिल्किंग्टन कंपनीनं ही पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली. त्यामुळे काचेच्या एका बाजूला कथिलाचा अंश असतो. डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच, पण चुकीची बाजू वर ठेवून वाकवली तर तिच्यावर धुरकट साय धरते. आणि दोन कंपन्यांच्या काचा एकत्र वितळवून जोडल्या तर त्या बहुधा आज ना उद्या वेगळ्या होतात, कारण दोघींचं प्रसरण जुळत नाही.

इथे जरा तक्रार करून घेते. हल्ली गॅलऱ्यांमधून हातानं केलेल्या काचेचा भाव चढलाय, आणि तिच्यातल्या बुडबुड्यांना, रेघांना ‘जिवंतपणा’ म्हणून विकलं जातं. मुद्दाम घातलेला बुडबुडा वेगळा, ते कसब आहे. पण बहुतेक बुडबुडे म्हणजे पॉटमधल्या काचेला शांत व्हायला पुरेसा वेळ मिळाला नाही याची खूण. उस्तादांना अशी एक महागडी फुलदाणी फोनवर दाखवली तेव्हा त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, ‘यह लौटाया नहीं किसी ने?’

माझं स्वतःचं जे काम यातून उभं राहिलं ते शेडचं नव्हे, बांगडीचं. बांगडी एकेक अशी बनत नाही. आचेत धरलेल्या काचेच्या गोळ्यातून एक कारीगर तार ओढतो आणि ती फिरत्या लोखंडी बेलनावर एकाशेजारी एक वेढे घेत जाते. बेलनावरून काढली की हातात येते एक लांबलचक काचेची स्प्रिंग. मग तिच्यावर आडवा चरा द्यायचा, की वेढे सुटे होतात, टोकं वर-खाली असलेले; त्यांचीच पुढे सधाई आणि झलाई. मला ती स्प्रिंगच हवी होती. ‘काटना नहीं है?’ असं तिथे मला निदान चौघांनी विचारलं. न कापलेली बांगडी कुणी विकत घेईल हे त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं.

उभी टांगली तर ती स्वतःच्या वजनानं वेढ्यांवर ओढ आणते आणि एखाद्या बारीक ओरखड्यापाशी तुटते. म्हणून टांगायचं सोडून दिलं. आतून ॲल्युमिनियमची नळी, तिच्यावर एलईडीची पट्टी, आणि त्याभोवती स्प्रिंग आडवी, पूर्ण लांबीभर आधार घेऊन. माप बाजारानंच ठरवून दिलं. बांगडीचा ‘दोन-सहा’ म्हणजे दोन इंच आणि वर सहा सोळांश, साठ मिलिमीटरच्या थोडं वर. बेलन त्या मापाचे तयारच होते. नवा साचा नाही, नवं हत्यार नाही, फक्त एक क्रिया वगळायची. प्रकाश प्रत्येक वेढ्यात वेगळा वाकतो आणि भिंतीवर बारीक पट्ट्या पडतात. हिरव्या रंगात केलेला पहिला दिवा बघून माझी मावशी म्हणाली, ‘लग्नघर वाटतंय.’ ऑफिसच्या लॉबीसाठी तो रंग बदलावा लागला, धुरकट करडा केला. मला अजून हिरवाच आवडतो.

शेडचं काम चालूच आहे, पण ड्रॉइंग बदललं. आता मी आकाराचा कागद एकच पाठवते, बाहेरच्या रेघेचा, आणि त्याबरोबर क्रमाचा कागद. पहिला गोळा किती घ्यायचा, पाट्यावर किती लांबवायचा, पहिली फुंक कितपत, मग कुठला भाग निवू द्यायचा, दुसरा थर केव्हा, मान केव्हा आवळायची. जाडीचा आकडा त्यात नाही. जाडी हवी तशी यावी म्हणून काय आधी आणि काय नंतर, एवढंच. सुरुवातीला व्यापाऱ्याला हे अपमानास्पद वाटलं, उस्तादांना काम शिकवणारी ही कोण? उस्तादांना तसं वाटलं नाही. ते त्या कागदाशी भांडतात, आणि कागद त्यासाठीच आहे. ड्रॉइंगशी त्यांना कधी भांडता येत नव्हतं. आकार तसा आला किंवा नाही आला, एवढंच. दर कुणी ठरवायचा यावरही आम्ही आता उघड बोलतो, कारण परत तापवण्याच्या खेपा कागदावर मोजता येतात आणि प्रत्येक खेपेला वेळ आणि गॅस लागतो.

मागच्या महिन्यात एका लायब्ररीच्या वाचनदिव्यांसाठी शेडचे कागद पाठवले. मी लिहिलं होतं: मान आवळा, मग दुसरा थर घ्या. व्हॉट्सॲपवर उस्तादांचा आवाजी निरोप आला. आधी मान आवळली तर दुसरा थर तिच्यावरून ओघळून खाच भरून टाकेल. त्यापेक्षा दुसऱ्या वेळी गोळा पूर्ण बुडवायचाच नाही, खालचा अर्धाच बुडवायचा, आणि मान त्यानंतर आवळायची. मान पातळ राहील आणि सगळं वजन तळाला जाईल. मागे भट्टीची घरघर आणि कुणीतरी चहा मागतंय. मी तसं करा म्हणून कळवलं.

नमुने आले. मान खरंच पातळ आहे, इतकी की आमची नेहमीची पितळी रिंग तिच्यात खुळखुळते. तपकीर गल्लीतल्या ज्या दुकानातून आम्ही रिंगा घेतो, तिथले काका म्हणतात की या मापाची रिंग येत नाही, काच जाड करून आणा. मी त्यांना रबरी वॉशर लावून बघा म्हणतेय. लायब्ररीला दिवे पंधरवड्यात हवे आहेत.